सिव्हिलायझेशन ७ घ्यावा की नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

११ फेब्रुवारी २०२५ ला सिव्हिलायझेशन या, टर्न घेत एखादी संस्कृती युगानुयुगं वाढवत न्यायच्या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेतला सातवा गेम आला, तेव्हापासून एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतोय. कॉलेजसाठी आमच्याकडे राहणारा भाचा जेवताना विचारतो, "मामा, घेऊ का?" ऑफिसातला मित्र लिफ्टमध्ये विचारतो, "सहावा आहे ना माझ्याकडे, मग कशाला?" बायको विचारते, "आधीचे संपले का सगळे?" तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्या दोघांसाठी एकदाच सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

मी या मालिकेत चौथ्या गेमपासून आहे. त्यामुळे थोडा कल दिसेल, तो धरून चला.

थोडक्यात सांगा, घेऊ का?

आधी तुम्ही मला सांगा: सहावा (किंवा पाचवा) खेळताना तुमचा डाव कुठे सुटतो?

शे-दीडशे टर्न झाल्या, आपण सगळ्यांच्या पुढे आहोत हे कळलं, आता उरलंय ते नुसतं "नेक्स्ट टर्न" दाबणं, आणि मग तो सेव्ह पुन्हा कधीच उघडला नाही. असं तुमचं होत असेल तर सातवा तुमच्यासाठीच बनवलाय. सेलमध्ये मिळाला तर घ्या.

पण एकच जमात धरून इसवी सनापूर्वी ४००० पासून निघायचं, तिला थेट चंद्रावर पोहोचवायचं आणि रात्री दोन वाजता "रोमचं रॉकेट उडालं" म्हणून खूश व्हायचं, हे तुमचं सुख असेल तर थांबा. सातव्याने नेमक्या त्याच सुखाला हात घातलाय.

खालचं सगळं याच दोन उत्तरांचं स्पष्टीकरण आहे.

असं बदललंय तरी काय?

पुष्कळ बदललंय. पण ज्यावरून भांडणं झाली ती गोष्ट एकच, युगं.

डाव तीन युगांत विभागलाय: प्राचीन, शोधयुग आणि आधुनिक. युग संपलं की तुमची संस्कृती संपते आणि पुढच्या युगासाठी नवी निवडावी लागते. नेता मात्र तोच राहतो. म्हणजे अशोक मौर्यांचा राजा म्हणून सुरुवात करेल, शोधयुगात चोळांचा होईल आणि आधुनिक युगात मुघलांचा. हा झाला सरळ रस्ता. वाकडे रस्तेही आहेत. पुरेसे घोडे हाताशी आले की मंगोल खुले होतात, आणि मग अशोक मंगोलांचं घोडदळ घेऊन फिरतो. पहिल्यांदा हे बघताना हसू येतं. तिसऱ्यांदा काही वाटत नाही. काहींना मात्र तिसऱ्यांदाही खटकतं, आणि ते चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही.

युग बदलण्याचा तो क्षण जरा जवळून दाखवतो, कारण तुमचा निर्णय बहुधा तिथेच होणार आहे. प्राचीन युगाचा काटा शंभर टक्क्यांकडे सरकायला लागला की संकट येतं: साथ, बंडाळी किंवा सीमेवरून हल्ले. संकटाची धोरणं बळजबरीने स्वीकारावी लागतात, आणि त्यातली कमी वाईट कोणती ते शोधण्यात टर्न जातात. तुम्ही शेजाऱ्याच्या शहराला वेढा घातलेला असतो, भिंत पडायला आलेली असते, दोन टर्न हव्या असतात. तेवढ्यात काटा पूर्ण होतो. पडदा. नवं युग उघडतं तेव्हा युद्ध संपलेलं, वेढा उठलेला, सैन्य विखुरलेलं. रिलीजच्या वेळच्या नियमांत कमांडरच्या हाताखाली किंवा वस्त्यांमध्ये ज्यांना जागा मिळाली तेवढीच पथकं शिल्लक राहायची. राजधानी सोडून तुमची बहुतेक शहरं पुन्हा गावं झालेली असतात.

आता हे वाचून तुम्हाला "वा, म्हणजे पुन्हा शर्यत सुरू" असं वाटलं, की "अरे, माझं शहर घेतलं की!" असं वाटलं? प्रामाणिक उत्तर द्या. पुढचे अर्धे प्रश्न मग वाचायची गरज नाही.

कंपनीने हे उगाच केलेलं नाही. बहुतेक लोक डाव शेवटपर्यंत नेतच नाहीत, हे गेम बनवणाऱ्या फिरॅक्सिसने उघड सांगितलं होतं. शेवट कंटाळवाणा होतो कारण आघाडीवरचा आघाडीवरच राहतो. युगांमुळे तो हिशेब मधेमधे फाटतो. दुखणं खरं आहे. औषध थोडं कडू आहे.

युगं सोडून बाकी काय?

मजुरांना कायमची सुट्टी. शहर वाढलं की कोणत्या टाइलवर वाढायचं ते तुम्ही सांगता, शेत-खाण आपोआप होते. सहाव्यात एका मजुराला तीनच कामं असायची आणि डावाच्या मध्यावर दहा मजूर हाकत बसावं लागायचं. त्या कटकटीतून सुटलो, याचा मला मनापासून आनंद आहे.

गाव आणि शहर यांत फरक केलाय. नवी वस्ती आधी गाव असते आणि तिचं उत्पादन सोन्यात बदलतं. पैसे भरून तिला शहर करायचं, की गावच ठेवून तिचं धान्य शहरांकडे वळवायचं, हा नवा आणि चांगला पेच आहे.

लष्करात कमांडर आले. चौथ्या गेममध्ये एका चौकोनात तीस पथकं रचून चालायची, पाचव्याने एका षटकोनात एकच पथक ठेवायचा नियम आणला, आणि मग डोंगराच्या खिंडीत सैन्याची वाहतूककोंडी व्हायला लागली. सातव्यात कमांडर चार-सहा पथकं पोटात घेऊन चालतो आणि लढाईच्या जागी उतरवतो. अनुभवाचे गुणही त्यालाच मिळतात. मालिकेतली लढाई इतकी सुटसुटीत आधी कधीच नव्हती, असं माझं मत.

मुत्सद्देगिरीसाठी 'प्रभाव' नावाचं वेगळं चलन आहे. शेजाऱ्याला खूश करायला, त्याच्यावर हेर सोडायला, त्याने युद्ध पुकारलं तर लोकांचं मन आपल्याकडे वळवायला, सगळीकडे तेच खर्च होतं. सहाव्यात एआय राजासमोर बसून "दोन हस्तिदंत घे, घोडे दे" अशी भाजीबाजारातली घासाघीस चालायची, ती गेली. मला तिची आठवण येत नाही. भाच्याला येते.

माझ्याकडे सहावा सगळ्या डीएलसीसकट (नंतर विकत मिळालेल्या भरींसकट) आहे. त्यात जास्त मजा नाही का?

आज, तुलना करायची तर, बहुधा आहे. पण ही तुलना थोडी अन्यायाची आहे.

सहावा ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. शहरांच्या निष्ठेचा खेळ २०१८ च्या 'राइज अँड फॉल'मध्ये आला. पूर, ज्वालामुखी आणि जागतिक काँग्रेस २०१९ च्या 'गॅदरिंग स्टॉर्म'मध्ये. त्यानंतर २०२० पासून वर्षभर 'न्यू फ्रंटियर पास'. तुम्ही ज्याला सहावा म्हणता तो पाच-सहा वर्षं मुरलेलं लोणचं आहे. सातव्याची बरणी कालपरवा भरलीय.

पाचव्याची गोष्ट तर विसरूच नका. सप्टेंबर २०१० मध्ये तो आला तेव्हा चौथ्यात असलेले धर्म आणि हेरगिरी दोन्ही त्यात नव्हते. लोक खवळले होते. धर्म-हेर २०१२ च्या 'गॉड्स अँड किंग्ज'मध्ये परत आले, २०१३ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ने संस्कृतीचा विजय आणि व्यापारमार्ग नीट लावले, आणि आज तोच पाचवा "जुना सुवर्णकाळ" म्हणून मिरवतो. ज्यांनी २०१० मध्ये त्याला शिव्या घातल्या होत्या, तेच आज सातव्याला शिव्या घालताना पाचव्याचं उदाहरण देतात. त्यातला एक मी आहे.

यातून "सातवाही आपोआप चांगला होईल" असं निघत नाही. निघतं ते एवढंच, की या मालिकेत पहिल्या दिवशी घेणारा पूर्ण किंमत मोजून अर्धा गेम खेळतो, आणि दोन-अडीच वर्षांनी घेणारा निम्म्याहून कमी किमतीत पूर्ण गेम खेळतो. घाई नसेल तर थांबणाऱ्याचं नुकसान काहीच नाही.

मग फिरॅक्सिस जुन्याच गोष्टी सुधारून का देत नाही?

त्यांचा एक जुना, उघड सांगितलेला नियम आहे: नव्या गेममध्ये एक तृतीयांश जुनं तसंच ठेवायचं, एक तृतीयांश सुधारायचं, एक तृतीयांश सगळं नवं. सातव्यात नव्याचा वाटा तृतीयांशापेक्षा जास्त झालाय, असं खेळताना वाटतं. वाटणं आणि मोजणं वेगळं, मान्य.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रिव्ह्यू इतके वाईट होते. ते किती मनावर घ्यायचे?

वाचायचे, पण नीट वाचायचे.

महागडी एडिशन घेतलेल्यांना गेम पाच दिवस आधी, ६ फेब्रुवारीला मिळाला, आणि त्या दिवसांत स्टीमवरचा शेरा "बहुतांशी नकारात्मक" होता. नंतर तो "मिश्र"वर आला. २०२५ मध्ये स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांच्या संख्येत पाचवा आणि सहावा अनेकदा सातव्याच्या पुढे दिसले. हे आकडे कोणीही बघू शकतं, आणि कंपनीसाठी ते चांगले नाहीत.

तक्रारींचे मात्र तीन ढीग करा. पहिला ढीग इंटरफेसचा: माहिती लपलेली, आकडे कुठून आले ते कळत नाही, मजकूर कुठे कापलेला. या ढिगातलं बरंच पॅचने (नंतर आलेल्या दुरुस्त्यांनी) सुटलं, त्यामुळे फेब्रुवारी २०२५ चा रिव्ह्यू आज वाचून उपयोग नाही. दुसरा ढीग नसलेल्या गोष्टींचा: मोठे नकाशे नव्हते, विजयानंतर "आणखी एक टर्न" खेळत राहायचं बटण नव्हतं (ज्या मालिकेचं बोधवाक्यच ते, तिच्यात!), शहराचं नाव बदलता येत नव्हतं. या तिन्ही गोष्टी पुढच्या काही महिन्यांत आल्या. तिसरा ढीग युगांचा आणि संस्कृती बदलण्याचा. तो पॅचने सहज सुटत नाही, कारण तो गेमचा कणा आहे.

पहिल्या दोन ढिगांकडे काळजीपूर्वक तारीख बघून दुर्लक्ष करा. तिसऱ्या ढिगातले चार-पाच लांब रिव्ह्यू शांतपणे वाचा. स्टीमवर रिव्ह्यू देणाऱ्याने किती तास खेळलं ते दिसतं आणि त्यावर गाळणीही लावता येते. दोन तास खेळून चिडलेला आणि दोनशे तास खेळून चिडलेला, दोघेही चिडलेले असतात. पण दुसऱ्याचं ऐकण्यासारखं असतं.

एकच संस्कृती शेवटपर्यंत ठेवता येणार, असं ऐकलं. खरं का?

२०२५ च्या शेवटी फिरॅक्सिसने सांगितलं की त्यावर काम चालू आहे. तुम्ही केवळ याच एका गोष्टीसाठी अडला असाल, तर विकत घ्यायच्या दिवशी पॅच नोट्स उघडून बघा. आलं असेल तर घ्या. "येणार आहे" यासाठी पैसे देऊ नका. एका दुसऱ्या मालिकेचा (नाव घेत नाही) नवा भाग मी असाच, "नौदलाच्या लढाया पुढच्या अपडेटमध्ये सुधारतील" या भरवशावर घेतला होता. सुधारल्याही. तोपर्यंत मला नौका, समुद्र आणि तो गेम, तिन्हींचा कंटाळा आला होता.

दोन तासांत ठरवता येईल का? स्टीम पैसे परत देतं ना?

देतं: खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर. अडचण अशी की नेहमीच्या वेगाने दोन तासांत तुम्ही प्राचीन युगाच्या मध्यावरही पोहोचत नाही. म्हणजे दोन तास सगळा गोडवा चाखायचा, आणि ज्यावरून वाद आहे तो भाग नेमका परताव्याची मुदत गेल्यावर.

यावर माझी युक्ती. नवा डाव लावताना प्रगत पर्याय उघडा. नकाशा सगळ्यात लहान. वेग "ऑनलाइन", तो सगळ्यात जलद. युगांची लांबी सगळ्यात कमी. ट्युटोरियल बंद. मग शहरं फार सजवत न बसता टर्न दाबत चला आणि युग बदलतं तो पडदा एकदा बघा. तो बघून "चला पुढे" वाटलं तर ठेवा. पोटात खड्डा पडला तर परत करा.

घड्याळ लावून बसा. या मालिकेत दोन तास कसे जातात हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आणि मेनूमध्ये गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तर तोही वेळ मोजला जातो.

यूट्यूबवर कोणाचा तरी डाव बघून ठरवलं तर?

चालेल, पण पहिला भाग बघू नका. प्राचीन युग सगळ्यांचंच छान दिसतं, कारण नवा नकाशा उघडत जाण्याचं सुख या मालिकेत कधीच कमी पडलेलं नाही. कोणाच्या तरी मालिकेतला शेवटून दुसरा भाग लावा. आधुनिक युगात तो खेळाडू अजून विचार करतोय की नुसता यादी पूर्ण करतोय, ते बघा.

माझं मत विचाराल तर आधुनिक युग हाच सातव्याचा सगळ्यात कच्चा तुकडा. संस्कृतीच्या विजयासाठी संशोधक धाडून पुरावशेष गोळा करायची जी धावपळ आहे, ती पहिल्या वेळी मजेची आणि नंतर हमालीची. शिवाय गेम विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास थांबतो. सहाव्यातले ते अवाढव्य यंत्रमानव वगैरे इथे नाहीत. उलट शोधयुग मला मनापासून आवडलं. प्राचीन युगात खोल समुद्र ओलांडता येत नाही, आणि युग बदललं की पलीकडे एक आख्खी दुनिया तुमच्याशिवाय चाललेली सापडते. तिथून खजिन्याची जहाजं घरी आणताना वाटेत कोणी लुटू नये म्हणून जीव टांगणीला लागतो.

झाशीची राणी खरंच आहे का यात?

आहे. लक्ष्मीबाई नेता म्हणून घेता येते. मूळ गेममध्ये नाही, 'राइट टू रूल' नावाच्या वेगळ्या संचात, चंगीझ खानाच्या शेजारी.

मराठी माणसाला यात दुहेरी आनंद. मोरोपंत तांब्यांची मणिकर्णिका, काशीत जन्मलेली, बिठूरला पेशव्यांच्या सावलीत वाढलेली, आणि नेवाळकरांच्या घरात सून म्हणून गेलेली. झाशी उत्तरेत असली तरी माहेर-सासर दोन्ही मराठी.

पण गंमत ऐका. ग्रेट ब्रिटनही मूळ गेममध्ये नव्हता. तो 'क्रॉसरोड्स ऑफ द वर्ल्ड' या दुसऱ्या संचात आला, आणि त्यावरून बाहेर बराच आरडाओरडा झाला. म्हणजे राणीला इंग्रजांशी लढवायचं असेल तर राणीचे पैसे वेगळे आणि इंग्रजांचे वेगळे.

आणि मराठे?

मूळ मालिकेत खेळायला स्वतंत्र संस्कृती म्हणून नाहीत. भारत म्हणजे मौर्य, चोळ, मुघल, असा सातव्याचा हिशेब आहे. तीन युगांना तीन, मग आधुनिक युगात मुघलच का आणि अठराव्या शतकात त्यांच्या नाकात दम आणणारे का नाहीत, हा प्रश्न मी भाच्यापुढे टाकला तेव्हा त्याने शांतपणे हेडफोन लावले.

मराठ्यांसह खेळायचंच असेल तर २००९ चा 'एम्पायर: टोटल वॉर' आहे. त्यात मराठा साम्राज्य थेट निवडता येतं आणि मुघलांशी सुरुवातीपासून जुंपते. सेलमध्ये तो अगदी स्वस्त मिळतो. गेम जुना आहे, वेढ्यातले सैनिक भिंतीपाशी कधीकधी गोंधळतात, पण तो अनुभव वेगळाच. सिव्हिलायझेशनच्या पाचव्या-सहाव्यासाठी मॉड (हौशी लोकांनी केलेल्या भरी) बनवणाऱ्यांनीही मराठे आणलेत.

गांधीजी अणुबॉम्ब टाकतात ती भानगड याही गेममध्ये आहे का?

सातव्यात रिलीजच्या वेळी गांधीजीच नव्हते. भारताकडून अशोक होता, तोही दोन रूपांत: जग त्यागलेला आणि जग जिंकणारा. आणि ती मूळ कथा, म्हणजे १९९१ च्या पहिल्या गेममध्ये गांधीजींच्या आक्रमकतेचा आकडा शून्याखाली जाऊन उलटा २५५ व्हायचा, ती खुद्द मालिकेचे जनक सिड मायर यांनी २०२० मध्ये आपल्या आठवणींत खोडून काढलीय. तसा बग नव्हताच. चुटका मात्र इतका चांगला होता की पुढच्या गेममध्ये मुद्दाम गांधीजींना बॉम्बची आवड दिली गेली.

कोणती एडिशन घेऊ?

साधी. अमेरिकेत ती ७० डॉलरला आली, डिलक्स १०० ला आणि फाउंडर्स १३० ला. आपल्याकडे स्टीमवर रुपयांत वेगळी किंमत असते आणि यूपीआयनेही भरता येते, तेव्हा चालू भाव तिथेच बघा. महागड्या एडिशनमध्ये मुख्यतः जास्तीचे नेते, संस्कृती आणि सजावट. आधी गेम पटतो का बघा. संच नंतरही सेलमध्ये येतात. लक्ष्मीबाईसाठी जीव तुटत असेल तर तेवढाच संच घ्या.

माझ्या लॅपटॉपवर चालेल का?

किमान जीटीएक्स १०५० च्या ताकदीचं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि २० जीबी जागा सांगितलीय. नीट खेळायला आरटीएक्स २०६० आणि १६ जीबी. ८ जीबीवर गेम सुरू होतो, पण मागे क्रोमच्या वीस टॅब उघड्या ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये लॅपटॉप पंख्याखाली ठेवा आणि फ्रेमरेट तीसवर बांधा. टर्नचा गेम आहे, साठ फ्रेम्सने फरक पडत नाही. मॅक, लिनक्स, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचवरही आहे.

आम्ही दोघं भाऊ एकाच कॉम्प्युटरवर आलटून पालटून खेळायचो. तसं जमेल?

रिलीजच्या वेळी हॉटसीट नव्हतं. एक खुर्ची, दोन भाऊ, आणि दुसऱ्याची टर्न चालू असताना पाठ फिरवून बसायचा नियम: हे ज्यांचं बालपण आहे त्यांनी सहावा लावावा. त्यात हॉटसीट आहे.

मी या मालिकेतला एकही खेळलेलो नाही. कुठून सुरू करू?

सहाव्यातून. सेलमध्ये त्याच्या किमती इतक्या कोसळतात की वडापावच्या भाषेत बोलता येतं. शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि आवडला नाही तर फार हळहळ वाटणार नाही. एक अपवाद: तुम्हाला तीन-चार तासांचे तुकडे करून खेळायला हवं असेल, नोकरी-मुलं-घर असा संसार असेल, तर सातवा थेट घेतलात तरी चालेल. एक युग म्हणजे एक छोटा डाव. शिवाय डाव थेट शोधयुगात किंवा आधुनिक युगात सुरू करता येतो. संसारी माणसाचा यात खरंच विचार झालाय.

ही 'ह्युमनकाइंड'ची नक्कल आहे म्हणतात?

ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या त्या गेममध्ये प्रत्येक युगाला संस्कृती बदलायची कल्पना होती, हे खरं. तिथे बदल इतका झपाट्याने व्हायचा की समोरचा कोण हेच लक्षात राहायचं नाही. सातव्यात नेत्याचा चेहरा तोच राहतो आणि बदल दोनदाच होतो, त्यामुळे शत्रू ओळखू येतो. 'ह्युमनकाइंड' आवडला नसेल म्हणून सातवा आवडणार नाही असं नाही. पण त्यातला संस्कृती बदलणं हाच भाग आवडला नसेल, तर पहिला प्रश्न पुन्हा वाचा.

मग भाच्याने शेवटी घेतला का?

नाही घेतला. आम्ही एकाच घरात राहतो, म्हणून स्टीम फॅमिलीजमध्ये त्याला जोडून घेतलं आणि त्याने माझीच प्रत उघडली. त्याची एक अट लक्षात ठेवा: एका प्रतीवर एका वेळी एकच जण खेळू शकतो. त्यामुळे गेले तीन रविवार मी सहावा खेळतोय.

पहिल्या रविवारी त्याने मौर्य घेतले, युक्ती वगैरे काही न ऐकता नेहमीच्या वेगाने. रात्री साडेअकराला दार ढकलून आत आला.

"मामा, माझे हत्ती कुठे गेले?"

"कमांडरखाली घेतले होतेस?"

"नाही. सीमेवर उभे केले होते, रांगेत. छान दिसत होते."

"मग गेले."

तो दारात क्षणभर उभा राहिला. मला वाटलं आता शिव्या घालणार. म्हणाला, "चोळांना जहाजं चांगली असतात ना?" आणि गेला.